कागदी, ईडलिंबू आणि मी

मित्रांनो, लिंबाची पारख कोणी जिभेनं करतं, कोणी नाकानं. मी ती आयुष्यभर दोन जबड्यांत धरून केली. शेगावला स्टेशनाबाहेर पूर्वी सरबताचं एक दुकान होतं. तिथला लिंबू पिळायचा जुना लाकडी चिमटा तो मीच. आता माझी एक दांडी चिरली आहे आणि मी फळीवर पडून असतो. पण माझ्या सागवानाला अजून लिंबाचा वास येतो. खोटं वाटत असेल तर जवळ येऊन बघा.

माझा जन्म सोनाळ्याचा. तिथले सुतार इंद्रभान यांनी दाराच्या चौकटीतून उरलेल्या सागाच्या तुकड्यातून मला घडवलं. वरच्या दांडीला गोल उंचवटा, खालच्या दांडीला भोकं पाडलेला खळगा आणि दोघींना जोडणारी पितळेची बिजागरी. त्यांची बहीण सत्यभामाबाई नवऱ्याबरोबर शेगावात सरबताचं दुकान टाकत होती. "घे बाई, तुहे हात तरी झोंबनार नाहीत," असं म्हणून भावानं मला तिच्या पिशवीत घातलं.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नुकतंच झालं होतं. महाराजांच्या दर्शनाला आलेली माणसं गाडीतून उतरली की आधी आमच्याकडे वळत. सत्यभामाबाई लिंबू पिळत आणि त्यांचे यजमान रंगराव पेले भरत. रंगराव वडनेर भोलजीचे. त्यांच्या मळ्यातून कागदी लिंबं यायची. पातळ सालीची, चपळ, जरा दाबलं की रसाची चिळकांडी थेट गिऱ्हाइकाच्या सदऱ्यावर. सत्यभामाबाईंच्या माहेरी ईडलिंबाचं झाड होतं. तिकडून मोठाली, जाड सालीची पिवळी फळं यायची. एक ईडलिंबू माझ्या तोंडात मावत नसे, चार फोडी कराव्या लागत. पण काय त्याचा सुवास आणि काय त्याचा रस! मला तर दोघांचाही अभिमान वाटायचा.

नवराबायकोचं मात्र यावरून रोज जुंपायचं.

"कागदीतच खरी ताकद. आंबट पाह्य कसं हाय ते!" रंगराव म्हणायचे.

"आंबट असलं म्हंजे झालं काय? माह्या ईडलिंबाचा रस पाहा, पेला भरून जाते," असं त्या ठणकावून सांगायच्या.

गिऱ्हाइकं हसायची आणि आणखी एक पेला मागायची. गंमत अशी, की इतकं भांडणाऱ्या सत्यभामाबाई स्वतः सरबताचा थेंबही जिभेवर ठेवत नसत. मीठसाखर बरोबर झाली का, हे चाखायचं काम रंगरावांचं. कोणी आग्रह केला तर "मले नाही चालत" एवढंच म्हणून त्या पुढचं लिंबू उचलत. का चालत नाही ते मला कितीतरी वर्षं कळलं नाही.

पुढे घरात सून आली. रुख्मिणी तिचं नाव. मुलगा कामाला भुसावळला, म्हणून ती सासूच्या हाताखाली दुकानात उभी राहायची. तिच्या हातात मी खुलायचो. एका दाबात लिंबू कोरडं करायची आणि बी एकही पेल्यात पडू द्यायची नाही. तिला दिवस गेले तेव्हा मीठ लावलेल्या लिंबाच्या फोडी ती मिटक्या मारत खायची. सासू कौतुकानं बघायची. डोहाळे आंबटाचेच लागले पाहिजेत, असं तिचं म्हणणं.

रुख्मिणीला मुलगी झाली आणि त्याच दिवसापासून तिचं आंबट बंद झालं. बाळंतिणीनं आंबट खाल्लं तर अंगावरच्या दुधातून बाळाला बाधतं, हा घराचा कायदा. पालेभाजी वातूळ म्हणून तीही बंद. दुकानामागेच घर होतं, त्यामुळे मला सगळं दिसायचं. भाकरी, घट्ट वरण आणि मेथीचा लाडू. सासू मायेनं भरवायची, सून मुकाट खायची. थंडी संपली, ऊन तापलं, तरी पथ्य काही सुटलं नाही.

मग रुख्मिणी वाळत चालली. भाकरीचा घास चावला की घासाला रक्त लागायचं. हिरड्या सुजल्या. पायांवर काळेनिळे डाग आले आणि उठताना ती भिंत धरू लागली. दूध आटलं. नात रात्रंदिवस किरकिर करायची. सत्यभामाबाई पार घाबरून गेल्या. कोणाची तरी नजर लागली म्हणून त्यांनी टोपलीतलं सगळ्यांत रसदार कागदी लिंबू निवडलं, सुनेवरून उतरवलं आणि तिठ्यावर नेऊन टाकलं. मित्रांनो, औषध तिच्या डोक्यावरून फिरलं आणि धुळीत गेलं. तेव्हा मलाही ते ठाऊक नव्हतं.

एका दुपारी सरकारी दवाखान्यातल्या सिंधूताई उन्हातून येऊन दुकानात टेकल्या. त्या नर्स होत्या. आत रुख्मिणी दिसली तशा पेला तसाच ठेवून त्या उठल्या. तिच्या हिरड्या पाहिल्या, पाय पाहिले.

"हिला आंबट, फळं, भाजी काही देता का?"

"बाळंतीण हाय नं, नर्सबाई. आंबट कसं देनार?"

"मावशी, हिच्या अंगातलं क जीवनसत्त्व संपलंय. दुकानभर लिंबं पडलीत आणि घरात ही अशी! आजपासून रोज ताज्या लिंबाचा रस द्या."

"जीव गेला तरी देनार नाही!" सत्यभामाबाई एवढ्या जोरात ओरडल्या, की बाहेरची गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. मग त्या खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून बोलू लागल्या. "माह्यं पयलं लेकरू गेलं. माहेरी बाळंत झाली होती मी. झाडाखाली ईडलिंबाची एक फोड चाटली, मनच आवरलं नाही. दोन रोजानं लेकराचा जबडा बसला, दूध ओढेना, अंग कमानीवानी ताठ झालं. मीच मारलं त्याले. तवापासून लिंबू जिभेवर नाही ठेवलं."

रंगरावांनी हातातला पेला खाली ठेवला. बाळ गेल्याचं त्यांना माहीत होतं, पण त्या फोडीचं इतक्या वर्षांत कधी कळलं नव्हतं.

सिंधूताई सत्यभामाबाईंजवळ जमिनीवरच बसल्या. "मावशी, तो धनुर्वात होता. त्याचे जंतू नाळेच्या जखमेतून जातात. आईनं लिंबू खाल्लं म्हणून धनुर्वात होत नाही. तुमचं बाळ तुमच्यामुळे गेलं नाही."

सत्यभामाबाईंनी ते सिंधूताईंकडून पुन्हा वदवून घेतलं. मग पोटभर रडल्या. मी लाकडाचा, पण त्या दिवशी मला फार भरून आलं.

डोळे पुसून त्यांनी विचारलं, "मंग कोनतं देऊ? ईडलिंबू नरम पडंल का? उकळून देऊ?"

"उकळू नका, उकळलं की जीवनसत्त्व नासतं. आणि दोन्ही चालतात हो! कागदी आंबट जास्त म्हणून ताकद जास्त असं नसतं. आंबटपणा वेगळा, जीवनसत्त्व वेगळं. दोघांत फरक असला तरी थोडकाच. ईडलिंबू मोठं, एकात रस भरपूर. कागदी लहान, तर दोन पिळा. वरणावर, भाजीवर पिळा, म्हणजे भाजीतलं लोहही अंगी लागेल. फक्त ऐन वेळी कापा आणि लगेच द्या."

वर्षानुवर्षांचं भांडण असं मिटलं. सत्यभामाबाईंनी ईडलिंबाची फोड माझ्यात ठेवली. त्यांची नजर नातीच्या पाळण्याकडे होती, त्यामुळे पहिल्यांदाच माझ्यातून बी निसटली. पहिला घोट सुजल्या हिरड्यांना झोंबला, रुख्मिणीनं डोळे घट्ट मिटले, पण पेला खाली ठेवला नाही. सासू मात्र रात्रभर नातीच्या पाळण्याशी बसून होती. सकाळी नात हसली तेव्हा कुठे तिनं पाठ टेकली.

मग रोज कधी कागदी, कधी ईडलिंबू. रक्त थांबलं, डाग विरले, नातीला पोटभर दूध मिळू लागलं. उन्हाळा सरायच्या आत रुख्मिणी पुन्हा दुकानात उभी राहिली. तिनं मला हातात घेतलं, एक कागदी आणि ईडलिंबाची एक फोड पिळली आणि पेला सासूपुढे धरला.

"आत्याबाई, आता तुमी घ्या."

"मले नाही..." एवढं म्हणून त्या थांबल्या. मग पेला घेतला आणि सावकाश पूर्ण संपवला. रंगरावांनी भीत भीत विचारलं, "कसं लागलं वं?"

"मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या. "इतकी वर्सं लोकायले असंच पाजून राह्यले का तुमी?"

सगळे हसले आणि हसता हसता सत्यभामाबाईंचे डोळे पुन्हा वाहू लागले.

पुढे बाजारात ॲल्युमिनियमचे चिमटे आले आणि मी फळीवर गेलो. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. मित्रांनो, लिंबू कागदी घ्या नाहीतर ईडलिंबू घ्या, ताजं कापून लगेच पिळा. आणि तुमच्या घरी सगळ्यांना सरबत करून देणारी जी कोणी असेल, तिचा पेला भरला का, तेवढं आधी पाहा.