पांढऱ्या ठिपक्याची राणी

वसमतला जुलेखाखालांच्या ओसरीत गांधीलमाश्यांचं पोळं होतं. त्यांचा मुलगा अय्याज ते जाळायला निघाला, तेव्हा खालांनीच त्याला अडवलं. "ज्योती शिकून राहिली त्याच्यावर. ऱ्हाऊ दे."

शेजारची ज्योती तेव्हा, २००३ साली, प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होती. रोज सकाळी ती स्टुलावर बसून पोळं बघायची. राणीच्या पाठीवर तिनं रंगाचा पांढरा ठिपका लावला होता. ही राणी कुणाशी भांडत नसे. पोट घासत पोळ्यावरून फिरायची, एवढंच. तिच्या अंगचा वास पोळ्याला लागलेला असे, आणि तो आहे तोवर बाकीच्या मुकाट कामं करत.

एके दिवशी ज्योतीनं राणीला चिमट्यानं उचलून डबीत घातलं.

"कुठं नेती तिला?" खालांनी विचारलं.

"तिचा वास नसला तर काय होतं ते बघायचंय. उद्या आणून सोडते, खाला."

थोड्याच वेळात पोळ्यावरची एक माशी उसळली. दिसेल तिला चावू लागली, बाकीच्या तिच्यापुढं दबल्या. आता ही नवी राणी होऊन अंडं कधी घालते, ते पाहायचा मोह ज्योतीला आवरेना. साखरपाणी देऊन तिनं राणीला डबीत जगवलं. खाला विचारत, "आणली का?" ती म्हणे, "उद्या."

नव्या राणीनं अंडं घातल्यावरच ज्योतीनं राणीला परत सोडलं. पण पोळ्याला आता दुसरीचा वास होता. दोघीतिघींनी राणीचे पंख धरले, चावे घेतले, खाली लोटलं. ज्योतीनं तिला फरशीवरून उचललं तेव्हा एक पाय हलत होता. मग तोही थांबला.

"घेतलं न्हाई तिला?" दारातून खालांनी विचारलं.

"न्हाई."

"काहून?"

पुस्तकातलं उत्तर ज्योतीला येत होतं. ते तिच्यानं देववेना.

"मी उशीर केला, खाला. मुद्दाम केला."

खालांनी तिच्या तळहातावरच्या राणीकडं बघितलं. "अय्याजनं जाळलं असतं तर एकदाच झालं असतं," एवढं बोलून त्या आत गेल्या.

कॉलेजात तिची निरीक्षणं वाचून सर खूश झाले. आणखी दोन पोळ्यांवर हेच करून आण, म्हणाले. ज्योती त्या पोळ्यांखाली जाऊन बसली, माश्यांना ठिपके लावले, पण राणीला उचलायला हात पुढं होईना. प्रकल्प अपुरा राहिला, पदवी वर्षभर लांबली. घरच्यांनी कारण विचारलं, तेव्हा तिनं तब्येतीवर ढकललं. खालांकडं मात्र ती जात राहिली. खाला पहिल्यासारखाच चहा देत. माश्यांचं नाव दोघींपैकी कुणीच काढत नसे.