'आईच्या पातोळ्या' नावाची बाटली

मी एका बाटलीतली काळी बिअर बोलतेय. जाणकार मला स्टाउट म्हणतात. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुतेक गरीब स्वभावाच्या असतात. झिजतात, फुटतात आणि वर सगळ्यांचे आभार मानतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मला राग आलाय आणि तो मी सांगून मोकळी होणार आहे.

माझा जन्म खालापूरच्या पुढे, एका बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये झाला. कोंबड्या गेल्या, स्टीलच्या टाक्या आल्या आणि मुंबईहून मालक म्हणून रुद्र आला. माझ्या अंगात काळेभोर होईपर्यंत भाजलेले जव आहेत, गूळ आहे, खोबरं आहे आणि हळदीची पानं आहेत. म्हणजे जव सोडले तर सगळा पातोळ्यांचा सरंजाम. हळदीच्या पानावर तांदळाचं पीठ पसरायचं, त्यात गूळखोबरं भरायचं, पान दुमडायचं आणि वाफवायचं. नागपंचमीला करतात. त्या दिवशी घरात काही चिरत नाहीत, तवा चढवत नाहीत, जमीन खणत नाहीत. म्हणून गोडही उकडलेलंच.

मला घडवलं नम्रतानं. कारखान्यात बिअर बनवायचं सगळं काम तीच बघते. तिचं घर कोंडाणे लेण्यांच्या अलीकडच्या गावात. घरात ती आणि तिची आई आनंदीबाई, दोघीच. वडील हिरामण दारूपायी गेले. ते गेल्यावर आनंदीबाईंनी गावातल्या बायका जमवल्या आणि ओढ्याकाठची हातभट्टी फोडली. अशा बाईला मुलगी कुठल्या तोंडानं सांगणार की मी बिअर बनवते? सरबताची कंपनी आहे, असं तिनं सांगून ठेवलं होतं.

इथपर्यंत मी समजून घेतलं असतं. पोटासाठी माणूस खोटं बोलतं. पण माझ्यासाठी हळदीची पानं लागणार होती आणि ती तिनं आईकडूनच घेतली. कंपनीत पातोळ्या करतात म्हणाली. आनंदीबाई हरखल्या. गेल्या भादव्यात परसातली पानं त्यांनी स्वतः खुडली, पुसली, जुड्या बांधून मुलीच्या स्कूटीला अडकवल्या. माझी पानं मुंबईला जातात, असं शेजारणींना सांगत सुटल्या. हे आठवलं की माझा फेस आतल्या आत चढतो.

मी बरेच महिने टाकीत मुरले. एके दिवशी नम्रतानं नळ सोडून माझा पहिला घोट घेतला. आधी कडूपणा, मग गूळ, आणि गिळल्यावर मागून हळूच येणारा पानाचा वास. ती तशीच उभी राहिली. "आईच्या पातोळ्या," तिच्या तोंडून निघून गेलं. तेवढं बोलली नसती तर बरं झालं असतं, कारण रुद्र मागेच उभा होता.

आयत्या बिळावर नागोबा तो. तेच नाव त्यानं माझ्यावर छापलं. खाली चित्र काढून घेतलं, नऊवारीतल्या, तळहाताएवढी नथ घातलेल्या आईचं. आनंदीबाई गाऊनवर टॉवेल घेऊन धुणं धुतात, हे त्याला कोण सांगणार? मग चाखायला पाहुणे आले. त्यांनी पेले गोल गोल फिरवले, नाकं खुपसली. एकाला माझ्यात मातीची आठवण सापडली, एकीला आजोळ. आजोळ पुण्याच्या सोसायटीत, चौथ्या मजल्यावर. नम्रता कोपऱ्यात उभी राहून हसत होती. एकदाही म्हणाली नाही की हे नाव काढा.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी रुद्रनं कामगारांना एकेक बाटली वाटली. मी आले टेंपो चालवणाऱ्या कमलेशच्या वाट्याला. कमलेश एरवी सोडत नाही, पण श्रावण कडक पाळतो. श्रावणात बाटली घरात ठेवायची नाही म्हणून नागपंचमीच्या सकाळी तो थेट आनंदीबाईंच्या दारात आला.

"काकी, माझा श्रावण हाय. तुमच्याच पोरीनं बनवलीय, तुमच्याच घरी ऱ्हाऊ दे."

"सरबत हाय का रं?"

कमलेशला वाटलं काकी चेष्टा करतात. तो हसला आणि टेंपो घेऊन निघून गेला.

नम्रता वारुळाला लाह्या वाहायला गेली होती. चुलीवर पातोळ्या वाफत होत्या. आनंदीबाईंनी माझ्यावरचं नाव एकेक अक्षर जुळवत वाचलं आणि कौतुकानं हसल्या. मग दाराच्या कडीला लावून एका झटक्यात झाकण उडवलं. बाटल्या उघडायचा त्यांना सराव होता. हिरामणच्या किती बाटल्या त्यांनी मोरीत ओतल्या होत्या. त्यांनी मला नाकाशी नेलं, आणि ते हसू गेलं.

नम्रता परत आली तेव्हा त्या उंबऱ्यात बसल्या होत्या, मी शेजारी.

"ही दारू हाय ना गं?"

नम्रतानं पिशवी खाली ठेवली. "बिअर आहे, आई."

"माझी पानं हिच्यात घातलीस?"

"हो."

"मला इचारायचंस."

"इचारलं असतं तर दिली असतीस?"

"नाय."

"म्हणून नाय इचारलं." तिचाही आवाज चढला. "दोन वर्षं राबले मी हिच्यासाठी. गावातले बाप्ये देवळामागं बसून पितात, त्यांना कोण काय बोलत नाय. मी बनवली तर पाप? एकदा चव घे, मग काय शिव्या द्यायच्या त्या दे."

खरं सांगते, मला त्या क्षणी नम्रताचा रागही आला आणि तिची कीवही आली. कारण पाहुण्यांच्या कौतुकाचं तिला काही नव्हतं. तिला या एकाच बाईकडून ऐकायचं होतं.

आनंदीबाई उठल्या. वाटी घेतली, दोन घोटांपुरती मला ओतली. जन्मात त्यांनी दारू ओठाला लावली नव्हती. जिभेवर घेतली, थांबल्या, गिळली.

"भाजल्याचा वास हाय," त्या म्हणाल्या. "आज आपण तवा पण चढवत नाय. आन् तू याला पातोळी म्हणतीस."

आनंदीबाईंनी दुसरा घोट घेतला.

"चांगली लागती."

नम्रताचा चेहरा उजळला. माझाही उजळला असावा.

"तुझा बाप पयल्या दिवशी असंच बोलला व्हता," आनंदीबाई म्हणाल्या. "हितंच बसून. चांगली लागती, आनंदे."

त्यांनी वाटी धुऊन पालथी घातली. पातोळ्या उतरवल्या, नागाला नैवेद्य दाखवला, मुलीला वाढलं. संध्याकाळी नम्रतानं रुद्रला फोन करून नाव काढायला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, नावच तर विकलं जातं." तिनं फोन बंद केला आणि नखानं माझ्यावरचं 'आईच्या' खरवडून काढलं. एका बाटलीवरचं. बाकीचे खोके कधीच मुंबईकरांच्या फार्महाउसांवर पोचले होते.

नागपंचमीला जमीन खणत नाहीत, म्हणून आनंदीबाई एक दिवस थांबल्या. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर टॉवेल कमरेला खोचला आणि कुदळ घेऊन परसात उतरल्या. सबंध हळद उपटायला घेतली. गड्डे अजून बोटाएवढेही झाले नव्हते. त्या ते तसेच उकिरड्यावर टाकत गेल्या.

नम्रता मागच्या दारात उभी होती. "आई, पुढच्या वर्षी पातोळ्या कशात करशील?"

"नाय करनार," आनंदीबाई म्हणाल्या आणि शेवटचा गड्डा हलवून सैल करू लागल्या.

मी अजून त्या घरात आहे, फडताळात, दोन घोट कमी. माझा फेस गेलाय, राग आहे तसाच आहे. माझ्या बहिणी थंडगार होऊन तुमच्या टेबलावर येतील तेव्हा खुशाल प्या. आम्ही चांगल्या लागतो, तसं आनंदीबाईंनीच सांगितलंय. फक्त घोट घेऊन, डोळे मिटून, 'आईच्या हातची चव' असं म्हणू नका. त्या आईच्या घरी आता पातोळ्या होत नाहीत.