उचल रे भिकन

"हा बी नाय," जीवनने मान हलवली आणि कानावरचे हेडफोन काढून काउंटरवर ठेवले.

आल्हादने कपाळाला हात लावला. पंचवटी कारंजावरच्या त्याच्या दुकानात सकाळपासून भजनांच्या दोन सीडी काय त्या खपल्या होत्या. आणि हे गिऱ्हाईक, तेही उधारीचं नव्हे, चांगलं रोखीचं, तासभर उभं राहून नाक मुरडत होतं.

"जीवनभाऊ, यात वाईट काय आहे ते तरी सांगा. माल नवा आहे. दिशाला ठेका आवडलाय. आमच्या आईनं पास केलंय. आणखी काय पाहिजे?"

"ठेका चांगला हाय," जीवन म्हणाला. म्हणाला म्हणजे घशातून हवा बाहेर आली आणि ओठांनी तिचे शब्द केले. "पन आवाज पातळ हाय याचा. छातीतून येत नाय."

दिशा, त्याची सहा वर्षांची मुलगी, काउंटरची कड धरून अजून मान डोलावत होती. "पप्पा, मला आवडलं. घ्या ना!"

"तुला आवडलं ना? मंग घेऊ." जीवनने लगेच खिशात हात घातला. दिशाच्या पसंतीपुढे त्याचं काही चालत नसे. पण सीडी पिशवीत टाकताना त्याने पुन्हा मागच्या फळीकडे नजर टाकली. त्याला जे हवं होतं ते अजून मिळालं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी या जीवनचा आवाज म्हणजे मार्केट यार्डातली एक वस्तू होती. निवृत्तीशेठ आडत्याच्या गाळ्यावर तो लिलाव पुकारायचा. कोथिंबीर, मेथी, टोमॅटोच्या जाळ्या, म्हणजे प्लॅस्टिकचे क्रेट. मालाभोवती व्यापाऱ्यांचं कडं पडलं की जीवन उलट्या जाळीवर उभा राहायचा आणि भाव असा काही चढवायचा की ऐकणाऱ्याची मान आपोआप हलायला लागायची. बाकीचे पुकारणारे 'एकवार, दोनवार, तीनवार' म्हणून मोकळे व्हायचे. जीवनने 'तीनवार' कधी म्हटलंच नाही. दोनवार झालं की तो जाळीवर दोनदा हात मारायचा आणि दम धरायचा. अख्खं कडं त्याच्याबरोबर दम धरायचं. मग छातीतून हाक यायची, "उचल रेऽऽ भिकन!" आणि सुरगाण्याकडचा भिकन हमाल माल उचलायचा. एकदा भिकनने माल उचलला की मग कुणी कितीही भाव वाढवून बोलो, सौदा तिथेच संपला.

सुवर्णा, त्याची बायको, शेजारीच त्यांच्या मखमलाबादच्या मळ्यातली फुलं विकायला बसायची. पोर तान्ही असल्यापासून रिकाम्या जाळीत गोधडी टाकून तिला निजवायची. त्या गदारोळात दिशा गाढ झोपायची, आणि लिलाव बंद झाला की रडत उठायची. मार्केटातल्या बायका हसायच्या, म्हणायच्या, पोरीला बापाच्या ओरडण्याचं व्यसन लागलंय.

मग घशात गाठ निघाली. ऑपरेशन नीट झालं, जीव वाचला, आवाज गेला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, तेव्हा भांडायलाही कुणी नव्हतं. निवृत्तीशेठ माणूस भला. त्याने जीवनला काट्यावर वजनाला बसवलं. पुकारायला नवा माणूस आला. भिकन मात्र दुसऱ्याच दिवशी म्हणाला, "दुसऱ्याच्या हाकेवर माझी पाठ नाय वाकायची," आणि गावाकडची जीप धरून निघून गेला तो परत आलाच नाही. जीवन काही कुठे गेला नाही. ज्या कड्याच्या मधोमध तो उभा राहायचा, त्याच कड्याच्या बाहेर बसून रोज वजन करायचं म्हणजे गंमत नव्हती. पण घरात खाणारी तोंडं होती, आणि जीवन कच्चा गडी नव्हता.

रॅप त्याच्या आयुष्यात आलं ते रिक्षातून. दिशाला मांडीवर घेऊन तो घरी निघाला होता. रिक्षावाल्याने मागे डबड्याएवढाले स्पीकर बसवलेले, आणि त्यातून कुणीतरी इंग्रजीत तावातावाने बोलत होतं. घरात बाप मुका झाल्यापासून दिशाही गप्पगप्प झालेली. ती एकदम ताठ बसली आणि मान हलवायला लागली. जीवनने नीट कान दिला. हा माणूस गात तर नव्हता. दम कुठे घ्यायचा, कुठे तोडायचं, पुढचा शब्द मागच्याच्या पायात पाय घालून कसा आणायचा, सगळं त्याच्या ओळखीचं होतं.

"हा तं लिलाव करतोय!" तो रिक्षावाल्याला म्हणाला. रिक्षावाल्याला काही ऐकू गेलं नाही.

घरी माळ्यावर एक जुनी कॅसेट होती. जीवनच्या लग्नाच्या सुमारास हिंदीतल्या असल्या बडबडगाण्यांचं मोठं वेड होतं, आणि त्याच्या वरातीत ती वाजली होती. बापलेकीने ती इतकी वाजवली की शेवटी फीत गुंडाळली गेली. मग नवी पाहिजे, मग आणखी नवी पाहिजे. संध्याकाळी काटा बंद झाला की दोघं आल्हादच्या दुकानात हजर.

यातूनच दसऱ्याचा घोटाळा झाला. सुवर्णाच्या झेंडूच्या ढिगाशेजारी जीवनने टेप लावून ठेवला होता. गिऱ्हाइकांची ही गर्दी. आल्हादची आई, म्हणजे शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या मालिनी मॅडम, तोरणासाठी फुलं घ्यायला आल्या आणि पिशवी हातात तशीच धरून उभ्या राहिल्या.

"अहो जीवन, हे काय लावलंय?"

"इंग्लिश हाय मॅडम," जीवन अभिमानाने म्हणाला. "पोरीच्या कानावर पडलं म्हंजी पुढं शाळंत जड जानार नाय."

पडलं होतंच. दिशाने मॅडमकडे बघत, गाण्यातला सगळ्यात जोरकस शब्द, उच्चाराची एकही चूक न करता म्हणून दाखवला. मालिनी मॅडमच्या हातातली पिशवी खाली पडली.

"कुणी विकलं तुम्हाला हे?"

"तुमच्याच आल्हादनं," जीवन म्हणाला.

त्या दुपारी आल्हादला आपट्याच्या पानांबरोबर आणखीही बरंच काही मिळालं. पण मालिनी मॅडम नुसत्या रागावून थांबणाऱ्यांतल्या नव्हत्या. दर गुरुवारी शाळा सुटली की त्या दुकानात येऊन बसायला लागल्या. हेडफोन लावून, पदर खोचून, एकेक सीडी ऐकून बाजूला काढायच्या. "ही नको. ही अजिबातच नको. ही चालेल, यात तो बिचारा आपल्या आजीबद्दल बोलतोय." त्यांचे यजमान गंगाधरशास्त्री एकदा किल्ली मागायला आले, तर बाई डोळे मिटून मान हलवतायत.

"भजन का?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

"साधारण," बाई म्हणाल्या.

तर असं सगळं मजेत चाललं होतं. जीवनचं बिनसलं ते एका संध्याकाळच्या बोलण्याने.

जेवताना सुवर्णा सहज म्हणाली, "तुझ्या पप्पांचा आवाज लय मोठा होता बरं का दिशा. पार रस्त्यापोत्तर जायचा."

दिशा खुदकन हसली. "खोटं! पप्पांना आवाजच नाय."

"अगं, होता."

"नाय नाय नाय. पप्पा असेच हाय पहिल्यापासून." आणि तिने वरणात बोट बुडवलं.

जीवनने हातातला घास ताटात परत ठेवला. ऑपरेशनच्या वेळी तो रडला नव्हता, पुकारायची जागा गेली तेव्हाही नाही. त्या रात्री मात्र त्याने तोंड भिंतीकडे केलं. पोर मोठी होणार, आणि तिच्या लेखी आपला बाप म्हणजे ही एवढीशी हवा! त्याने लग्नाची व्हिडिओ कॅसेट आठवून पाहिली. तिच्यात बोलण्यावर सगळीकडे सनई चढवलेली. दुसरं काही कुठे भरून ठेवलेलं नव्हतं. लिलाव पुकारणाऱ्याचा आवाज टेपवर कोण कशाला भरून ठेवणार?

सकाळी उठला तो ठरवूनच. जगात एवढी माणसं टेपमध्ये लिलाव करतात, त्यांत एकाचा तरी आवाज आपल्यासारखा असेलच. तो सापडला की दिशाला ऐकवायचा आणि म्हणायचं, हे बघ, असा होता तुझा बाप. तेव्हापासून त्याने दुकानाची एकेक फळी धरली होती. अमेरिकेतला झाला, लंडनमधला झाला, पंजाबीत बोलणारा झाला. कुणी नाकात बोले, कुणाचा दम मधेच सुटे. दिशा प्रत्येकावर नाचत होती आणि घरातली चळत वाढत होती.

"भाऊ, एकदा सांगून टाका," आल्हाद सुटे पैसे परत करताना म्हणाला. "नक्की कुणाला शोधताय?"

जीवनने दिशाकडे पाहिलं. ती दुकानाबाहेर पायरीवर उड्या मारत होती. मग त्याने स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं.

"लहानपणी मी आईबरोबर मार्केटात यायचो," आल्हाद म्हणाला. "आई भाजी घ्यायची, मी तुमच्या कड्यात घुसायचो. भाऊ, खोटं कशाला सांगू? तसला आवाज या दुकानात नाही. कुठे मिळेल असंही मला वाटत नाही."

जीवनने मान डोलावली. पिशवी उचलली. पायरीवरून मागे वळला.

"नवा माल कवा येनार?"

"सोमवारी."

"येतो सोमवारी."

रविवारी सकाळी मळ्यात टोमॅटोच्या जाळ्या भरून अंगणात लावल्या होत्या. टेम्पो यायचा होता. सुवर्णा राहिलेला माल निवडत होती, जीवन जाळ्यांना सुतळी बांधत होता, आणि ओट्यावर कालची सीडी जोरात चालू होती. दिशा उलट्या जाळीवर उभी राहून हातवारे करत होती. इतक्यात वीज गेली. त्या दिवसांत भारनियमनाचं काही सांगता यायचं नाही. गाणं मधेच तुटलं.

दिशा काही थांबली नाही. गाणं तिथूनच पुढे तिने स्वतःच्या तोंडाने सुरू केलं. अर्धं इंग्रजी, अर्धं कुठल्याच भाषेतलं नाही, पण ठेका पक्का, दम पक्का. चढवत चढवत शेवटाला आणलं. मग ती वाकली, जाळीवर दोनदा हात मारला आणि गप्प झाली. हनुवटी वर, छाती भरलेली.

"उचल रेऽऽ भिकन!"

सुवर्णाच्या हातातला टोमॅटो हातातच राहिला. जीवनने वर पाहिलं. 'रे'वरचा तो चढ, 'भिकन'वर एकदम सोडून दिलेला भार, मधली ती थांबायची जागा. बारीक पोरीच्या गळ्यातून त्याचा आवाज सगळाच्या सगळा बाहेर आला होता.

"दिशा," सुवर्णा सावकाश म्हणाली, "हे कुठं ऐकलं तू?"

"गान्यात."

"कोन्च्या गान्यात?"

"असतं ना शेवटी. सगळं झालं की." दिशाला या प्रश्नाचंच नवल वाटलं. मग तिलाही एक प्रश्न पडला. "मम्मी, भिकन कोन हाय?"

"अगं येडे, ते तं तुझे..."

जीवनने पंजा वर केला. पूर्वी व्यापाऱ्यांचा गलका थांबवायला करायचा तसाच. सुवर्णा थांबली. तिचे डोळे भरले होते, त्याचेही भरले होते. सांगायचंच तर ही बापाचीच हाक आहे हे आता सांगता आलं असतं. इतके दिवस त्याच एका गोष्टीसाठी तर तो वणवण फिरत होता. पण सांगितलं की पोर थबकली असती, विचारात पडली असती, शंभर प्रश्न विचारले असते. आणि जीवनला ती थांबायला नको होती. त्यालाही तो आवाज दोन वर्षांनी ऐकू आला होता, आणि त्याला तो परत ऐकायचा होता.

तो उठला. जाळ्यांच्या थप्पीपाशी गेला आणि वाकून दोन्ही हात वरच्या जाळीच्या कडांत अडकवले.

"मी," तो म्हणाला. "मी भिकन. तू बोल."

दिशाने त्याच्याकडे एकदा निरखून पाहिलं. मग जाळीवर दोनदा हात मारला आणि दम धरला.

"उचल रेऽऽ भिकन!"

जीवनने जाळी खांद्यावर घेतली आणि रस्त्याकडे चालू लागला.