बावीस-दहाचा पान्हा

"गुडघे टेक. हात टेक. आन् हंबरू नकोस बरं का, तिला खोटं लगीच कळतं."

मी गुडघे टेकले. हात टेकले. वय बेचाळीस. पाठीवर दगडूमामाची जुनी लुंगी, तिच्यावर मीठ आणि गूळ चोळलेला, आणि समोर साडेपाचशे किलोची काळी-पांढरी गाय. मी गोठ्यांचे कूलर दुरुस्त करणारा माणूस. वासरू व्हायचं माझ्या करारात कुठेही नव्हतं.

"मामा, चावली तर?"

"गाय चावती व्हय रं? तुमच्या नांदगावला गाया न्हाईत का?"

"आहेत. पण त्यांनी मला कधी वासरू केलं नाही."

"मग आता हो. डोकं खाली घाल, समाधान. लई बोलतोस."

तर हे सगळं कशासाठी, ते सांगतो.

आखातातलं अल ऐन शहर सोडून तासभर वाळूत गेलं की हा गोठा येतो. अकराशे गायी. मी उन्हाळ्याचे सहा महिने असाच फिरतो. खोर फक्कानच्या बंदरावरून पंख्यांच्या मोटारी उचलायच्या, पिकअपमध्ये टाकायच्या आणि गोठ्यागोठ्यांवर बसवत हिंडायचं. इथे आठवडा, तिथे चार दिवस. बाहेर पारा सत्तेचाळीस असतो आणि गायींवर पाण्याचा फवारा, वर पंखा, सगळं थंडगार. कामगारांच्या केबिनमध्ये सहा माणसांत एक एसी, तोही खोकणारा. गाय तापली तर दूध कमी होतं, ते स्क्रीनवर दिसतं. माणूस तापला तर काय कमी होतं, ते मोजायचं मशीन अजून कुणी काढलेलं नाही. काढणारही नाही.

दगडूमामा मंगळवेढ्याकडचा. सव्वीस वर्षं याच गोठ्यात. आता साठी झाली म्हणून कंपनी म्हणाली, खलास. गुरुवारचं तिकीट. आणि गुरुवारीच खाटकाचा ट्रक येतो, दर आठवड्याला, यादीतल्या गायी न्यायला. यादीत या खेपेला बावीस-दहा नंबरची गाय होती. पहिल्या वेताची. वासरू नर झालं, म्हणून चौथ्या दिवशी विकलं गेलं. तेव्हापासून बावीस-दहाने पान्हा चोरायला सुरुवात केली. मशीनचे कप लावले की तीन लिटर द्यायची आणि आखडून घ्यायची. इंजेक्शन टोचलं की अकरा. नाही टोचलं की पुन्हा तीन. शेवटी गोठ्याच्या मॅनेजर साहेबांनी इंजेक्शन बंद केलं आणि नंबर यादीत टाकला.

मामाला हे लागलं. ते गोमाता वगैरे त्याचं काही नव्हतं. गायींना तो नावंसुद्धा ठेवायचा नाही. "नंबरच बरा," म्हणायचा. "आमच्या गल्लीत चार लक्ष्म्या हुत्या. एकीला हाक मारली की चारी यायच्या." त्याला लागलं ते वेगळंच. "सव्वीस वर्सांत माझ्या हाताखालची गाय पान्हा चोरती म्हणून गेली न्हाई. लंगडी गेली, म्हातारी गेली. ही तरणीताठी जाती, ती बी मी जायच्या दिवशी? न्हाई जमायचं."

त्याच्याकडे एक गोष्ट होती. नियम असा की जन्मलेलं वासरू स्वच्छ टॉवेलने पुसायचं आणि टॉवेल फेकून द्यायचा. मामा कुणी नसलं की स्वतःच्या लुंगीने पुसायचा. बावीस-दहाचं वासरूही त्याने असंच पुसलं, आणि ती लुंगी न धुता पिशवीत बांधून ठेवली. का, विचारलं तर म्हणाला, "आसू द्यावं."

तीच लुंगी आता माझ्या पाठीवर होती. वास असा, की मी आठ दिवस जेवलो नसतो तरी चाललं असतं.

बावीस-दहाने मान पुढे केली. फुंकर मारली. मग सँडपेपरसारखी जीभ माझ्या मानेवरून कानापर्यंत गेली. परत गेली. तिसऱ्यांदा तिने घशातल्या घशात एक आवाज काढला. तसा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता आणि माझ्यासाठी कुणी काढलाही नव्हता.

मागून ताहा ओरडला. ताहा सिंधचा, पस्तिशीचा, चार पोरांचा बाप, मामाच्या हाताखालचा. "आ गया! चाचा, आ गया! छे लिटर... आठ... बारा!"

"बाबा, व्हाय इज दॅट अंकल अ काफ?"

आवाज लहान मुलीचा होता. मी डोकं वर केलं. धनंजय साहेब, त्यांच्या मॅडम आणि आठ वर्षांची आभा. शनिवार म्हणून साहेब कुटुंबाला गोठा दाखवायला घेऊन आले होते.

"दगडू, हे काय चाललंय? बायोसिक्युरिटी नावाचा काही प्रकार असतो! वासराला इथे परवानगी नाही."

"वासरू न्हाई आणलं, सायेब. मेकॅनिक हाय."

"मला दिसतंय मेकॅनिक आहे!"

"मग बरं झालं."

आभा खिदळली. मी लुंगी सावरत उभा राहिलो. साहेब पुण्याचे, राहायला खलिफा सिटीत, बंगल्यांच्या वस्तीत. मागे तिथल्या एका गणपतीला मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. दारातला आपलाच मराठी माणूस मला म्हणाला, "डिलिव्हरी मागच्या दाराने." मी मोदक खायला गेलो होतो. तेव्हापासून खलिफा सिटीतली माणसं दिसली की माझ्या डोक्यात तिडीक जाते. मॅडमकडेही मी त्याच नजरेने बघत होतो. गॉगल, पांढरे बूट, आता नाकाला रुमाल लावणार.

मॅडमनी गॉगल केसांवर चढवला आणि गायीच्या पाठीवर सरळ हात ठेवला.

"पहिल्या वेताची का ओ ही?"

"व्हय, ताई."

"मग घाबरलीय ती. आमच्या म्हशीचं रेडकू गेलं होतं, तेव्हा अण्णांनी उशी बांधून ठेवली होती तिच्यापुढं. उशी! दीड महिना चाटत होती उशीला."

"दर्शना, प्लीज. डेटा असतो. तीन दिवसांची ॲव्हरेज..."

"तुझ्या त्या प्रोग्राममध्ये वासराचा रकाना आहे का?"

साहेबांनी टॅब बंद केला.

"ताई, कुठलं गाव?" मामाने विचारलं.

"सांगोल्याच्या अलीकडं."

"आन् मी मंगळवेढ्याचा!"

"मग शेजारीच की ओ!" मॅडमचा आवाज एकदम दीड पट्टी वर गेला. पुढची दहा मिनिटं दोघं ज्वारीवर बोलले. मॅडमबद्दल मनात जे होतं ते मी गिळून टाकलं. नवऱ्याबद्दलचं ठेवलं.

निघताना साहेब म्हणाले, "हे बघा दगडू, गुरुवार सकाळ. मशीनवर, एका वेळेला दहा लिटर. दिलं तर नंबर काढतो. आणि माणसाने वासरू व्हायचं नाही. ते कापड हवं तर गळ्यात घाला."

"अंकल, कॅन यू डू इट वन्स मोर?" आभाने मला विचारलं. मी नाही म्हणालो. मलाही मान आहे.

रविवार, सोमवार मामा लुंगी गळ्यात घालून बावीस-दहाच्या तोंडापुढे उभा राहिला. दिवसातून तीन वेळा धारा, तीन वेळा मामा. मागे ताहा कप लावायचा. साडेदहा, अकरा, बारा. गोठ्यात पैजा लागल्या. स्वयंपाकी म्हणाला, गाय वाचली तर बिर्याणी. मी पंखे जोडता जोडता आकडे विचारायचो. क्रिकेटचा स्कोर विचारावा तसा.

मंगळवारी ताहाची कपडे धुवायची पाळी होती. सहा माणसांचे कपडे एकदम मशीनमध्ये. खुंटीवरची लुंगी त्याला घाण दिसली. चाचा देशात जाणार, घाण लुंगी घेऊन कसा जाईल? भल्या मनाने त्याने ती दोनदा धुतली. वर गुलाबाचं सॉफ्टनर टाकलं.

"चाचा, खुशबू देखो!"

मामाने लुंगी नाकाला लावली आणि तो तिथेच पालथ्या बादलीवर बसला. ताहाला आम्ही सगळं समजावलं तेव्हा त्याने स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. "मैं ने मार दिया उस को!"

"गप रं," मामा म्हणाला. "रडू नको. तुजी बायको नशीबवान हाय, येवढंच म्हणतो."

दुपारच्या धारांना मामा गुलाबाच्या वासाची लुंगी घेऊन उभा राहिला. आम्ही सगळे मीटरकडे बघत. बावीस-दहाने लुंगी हुंगली, शिंकली. मग मामाचा हात चाटायला लागली. तीन लिटर... पाच... नऊ... साडेअकरा.

ताहा नाचला. स्वयंपाक्याने तांदूळ निवडायला घेतले. मामा तेवढा हसला नाही.

"काय झालं, मामा? जिंकलो की!"

"वाईट झालं, समाधान. ती लुंगीवर न्हाई. माझ्यावर लागलीया. आन् मी परवा चाललो."

बुधवारी सकाळी मामा धारांना गेलाच नाही. मुद्दाम. मी शोधत गेलो तर हा साठ वर्षांचा माणूस गवताच्या गठ्ठ्यांमागे दडून बसला होता. गायीपासून लपून. आतून बावीस-दहा एकदा हंबरली. मामा अर्धवट उठला. परत बसला.

"किती?"

"चार."

"हं."

मी शेजारी बसलो. ऊन गठ्ठ्यांवर चढत होतं. विचारलं, "घरी किती गायी आहेत?"

"एक बी न्हाई. पोरानं इकल्या. मोटारसायकलचं दुकान हाय त्याचं. म्हणतो, तात्या, आता आराम करा."

"मग करणार काय तिथं?"

"आराम." डॉक्टरने एखाद्या आजाराचं नाव सांगावं तसं तो म्हणाला.

मग एकदम, "ताहा धारंला किती येळ लावतो रं?"

"किती म्हणजे? कास पुसली, कप लावले. सगळे लावतात तसेच."

"थितंच चुकतंय. बोलीव त्याला."

ताहा आला. मामा त्याला घेऊन बसला आणि मी पंख्याची मोटार मांडीवर घेऊन ऐकत राहिलो. कोमट पाणी घे. गार नको. कास पुस, पण झटकल्यासारखी नको. मग हात तसाच ठेव आणि साठपर्यंत मोज. साठ. वीसवर थांबायचं नाही. मागची गाय ओरडू दे, सुपरवायझर ओरडू दे. तिच्या शिरा भरलेल्या हाताला कळतात, तेव्हाच कप.

"बस, इतना ही?" ताहा म्हणाला. "चाचा, आप का जादू यही है?"

"जादू कसली? मी फकस्त घाई करत न्हाई."

हे वाक्य साहेबांच्या ऑफिसात फ्रेम करून लावायला पाहिजे. कुणी लावणार नाही. तिथे तासाला किती गायी पिळल्या याचा तक्ता आहे.

दुपारी ताहाने साठ मोजले. सात लिटर. संध्याकाळी ऐंशी मोजले, सुपरवायझरने आईबहीण काढली. नऊ. मामा दोन्ही वेळा गठ्ठ्यांमागे. रात्री मामाच्या निरोपाची बिर्याणी झाली, पण कुणी जिंकल्यासारखं जेवलं नाही.

गुरुवारी सकाळी सहाला ट्रक आला. साहेबही आले. मामाने अंघोळ करून पोराने पाठवलेला नवा शर्ट घातला होता, नवे पांढरे बूट घातले होते, आणि तो माझ्या पिकअपजवळ उभा होता. विमानतळावर त्याला मीच सोडणार होतो. आत ताहा मोठ्याने सिंधीत मोजत होता. साठ झाले, ऐंशी झाले, सुपरवायझर ओरडून ओरडून दमला. मग कप लागल्याचा आवाज आला. मामा जमिनीकडे बघत होता.

आतून साहेब बाहेर आले. हातात टॅब.

"अकरा पूर्णांक दोन," ते म्हणाले. टॅबवर बोट फिरवलं. "काढला नंबर." मग जरा घोटाळून, "दर्शनाने विचारलं होतं. तिला कळवतो." पुढे आले आणि मामाचा हात हातात घेतला. मी बघितलं. माझ्या मनातलं त्यांच्याबद्दलचं थोडं मी त्या दिवशी कमी केलं. थोडंच.

यादीतल्या बाकीच्या चार गायी ट्रकमध्ये चढल्या. त्यांच्यासाठी कुणी काही मोजलं नव्हतं. तेही लिहायला पाहिजे, म्हणून लिहिलं.

"मामा, निघू या?"

"दोन मिंटं."

तो गठ्ठ्यांकडच्या बाजूने आत गेला. मी मागे मागे. धारा संपून बावीस-दहा गव्हाणीला लागली होती. मामा नेमका तिच्यापुढून चालत गेला, हळू, दुसऱ्या कामाला चालल्यासारखा. नव्या शर्टाचा कडक वास, गळ्यात काही नाही. तिने मान वर केली नाही. तोंडात हिरव्या गवताचा घास होता, तो ती चघळत राहिली. मामा टोकापर्यंत गेला आणि वळून परत तसाच तिच्यापुढून आला. तिने शेपटीने माशी मारली.

"बगितलं बी न्हाई!" मामा मला म्हणाला. तोंडभर हसला. "बगितलंस का? वळखलं बी न्हाई तिनं. झ्याक!"

"झ्याक," मी म्हणालो.

पुढच्या दाराशी औषधी पाण्याचं उथळ टाकं आहे. आत येणाऱ्याने त्यात बूट बुडवूनच यायचं. बाहेर जाताना तसा नियम नाही, सगळे कडेने जातात. मामा थांबला. पँट दोन बोटं वर धरली आणि नवे पांढरे बूट त्या जांभळ्या पाण्यात बुडवले. आधी उजवा, मग डावा.

पिकअपपर्यंत सिमेंटवर त्याचे ओले ठसे उमटले. मी गाडी वळवली तेव्हा ते वाळून गेले होते.