शून्याचं कारण

ताटाएवढी प्लास्टिकची डिस्क थोरलीच्या छातीवर येऊन आदळली आणि तिने ती तिथल्या तिथे दोन्ही हातांनी दाबून धरली. मग खाली वाकून पाय पाहिले. दोन्ही पाय गोलच्या पट्टीत होते, म्हणजे गोल झाला होता. मान वर केली तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं की अख्खा संघ आरडाओरडा करत आपल्याच अंगावर धावून येतोय.

धावली नाही ती फक्त धाकटी. डिस्क तिनेच फेकली होती. ती संघाची कप्तान, शाळेत खेळाची बाई, आणि थोरलीची जाऊ. फेकणारीला पकडणारीपेक्षा तिच्या मागे धावणारीवर जास्त लक्ष ठेवावं लागतं, आणि धाकटीने ते ठेवलं होतं. निळ्या संघाची आठ नंबरची मुलगी, जिने सकाळपासून कोणाला डिस्कचा वारासुद्धा लागू दिला नव्हता, ती थोरलीच्या मागे तीन पावलं धावली आणि चौथ्या पावलाला चालू लागली. तिला दम लागला नव्हता, पाय मुरगळला नव्हता. हात खाली सोडून तिने डिस्क जाऊ दिली, आणि गोल झाल्यावर टाळ्याही वाजवल्या.

तोवर चौदा-शून्य होतं. ते चौदा-एक झालं, आणि पाच मिनिटांत पंधरा-एक होऊन सामना संपला. हरण्याचं धाकटीला फारसं काही वाटलं नाही. निळा संघ या स्पर्धेतला सगळ्यात तगडा, आणि यांचा संघ विमानात बसून परदेशी खेळायला पहिल्यांदाच आलेला. आधीच्या चार सामन्यांतही हारच झाली होती. पण त्यांत तेवीस गोल केले होते, आणि तेवीसच्या तेवीस घामाचे होते. हा चोविसावा मात्र तिच्या घशाखाली उतरेना.

सामन्यानंतर दोन्ही संघ एकमेकींच्या खांद्यांवर हात टाकून रिंगण करून उभे राहिले. तशी या खेळाची रीतच आहे. निळ्यांच्या कप्तानाने हसत हसत सांगितलं की तुमच्या बावीस नंबरचा गोल आजचा सगळ्यात सुंदर क्षण होता. बावीस नंबर म्हणजे थोरली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धाकटीनेही वाजवल्या, कारण दोन्ही बाजूंच्या मुली तिच्याकडे पाहत होत्या.

वसतिगृहावर परतेपर्यंत गोलची चित्रफीत घरी पोचली होती. लगेच फोन आला. पडद्यावर धाकटीची दोन्ही मुलं "मोठ्या काकूने गोल मारला" म्हणून पलंगावर उड्या मारत होती, त्यांचे वडील मागून पलंग मोडाल म्हणून ओरडत होते, आणि सासूबाई पडद्याला नाक लावून विचारत होत्या, "लागलं तर नाही ना गं तुला?" थोरली सगळ्यांना हसून उत्तरं देत होती. धाकटी बूट काढायच्या निमित्ताने पलीकडे जाऊन बसली.

साडेचार वर्षांपूर्वी थोरलीचा नवरा गेला. सहा महिने ती चष्म्याचं दुकान आणि घर याखेरीज कुठे गेली नाही. दुकानात ती लोकांची नजर तपासते. शेवटी धाकटीनेच एका रविवारी तिला हाताला धरून मैदानावर आणलं. चाळिशी उलटलेली बाई, आयुष्यात बसमागेसुद्धा न धावलेली. पण आली, आणि येत राहिली. धाकटीची वहिनी म्हणून ती सगळ्या संघाची वहिनी झाली. मैदानावर बाकीच्यांना "पळ गं" अशी हाक असते, तिला "वहिनी, पळा" अशी. कोणी तिच्यावर कधी आवाज चढवला नाही.

संध्याकाळचे सात वाजले होते, पण इथे या दिवसांत ऊन जाता जात नाही. खोलीत दोन लोखंडी पलंग, एक टेबल आणि खिडकी. धाकटी टेबलाशी एक कागद भरत बसली होती. या खेळात पंच नसतो. फाउल झाला की नाही ते खेळणाऱ्यांनीच सांगायचं, वाद झाला तर तिथेच मिटवायचा. आणि सामना संपला की दोन्ही संघांनी एकमेकांना खिलाडूपणाचे गुण द्यायचे. पाच रकाने, प्रत्येकाला शून्य ते चार. दोन म्हणजे साधारण, सगळं ठीक. न्यायाने खेळल्या का, या रकान्यात धाकटीने शून्य घातलं होतं.

शेजारी बसलेली उपकप्तान, जी एरवी रुग्णालयात नर्स आहे, ते पाहून चाटच पडली.

"शून्य? अगं, त्यांनी आपल्याला बर्फ दिला, पाणी दिलं."

"गोलही दिला."

"शून्याला कारण लिहावं लागतं खाली."

"लिहिते ना."

"काय लिहिणार? आम्हाला गोल करू दिलात म्हणून शून्य? पंधरा-एकने हरलोय आपण. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतील."

"म्हणू देत. हातचं राखून खेळणं हा न्याय नाही."

नर्सने दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"आणि वहिनी? हे कागद उद्या सकाळी फळ्यावर लागतात. सगळे वाचतात. त्यांचा आयुष्यातला पहिला गोल आहे तो. तुला दिसलं ते दिसलं. त्यांना कशाला कळायला हवं?"

तासभर धाकटी स्वतःही तेच घोकत होती. कारण लिहावं तर थोरलीचा गोल जाणार. न लिहावं तर आठ नंबरची मुलगी दया करून मोकळी, आणि वर कौतुकाची धनी. पेनाचं टोपण तिने तीनदा लावून तीनदा काढलं.

तेवढ्यात थोरली धुतलेला सदरा घेऊन आत आली. नर्स झटकन उठली, "गुडघ्याला बर्फ आणते" म्हणाली आणि चांगल्या धडधाकट गुडघ्यांनी निघून गेली. थोरलीने खिडकीच्या गजावर सदरा नीट पसरला, हात पुसले आणि टेबलावरचा कागद उचलला. धाकटीने तो ओढायचा प्रयत्न केला नाही. तसं केलं असतं तर सगळंच उघडं पडलं असतं.

"शून्य कशाला?"

"काही नाही. एक-दोन गोष्टी खटकल्या."

"आठ नंबरची थांबली म्हणून?"

धाकटीच्या हातातलं टोपण टेबलाखाली गेलं. ती वाकून ते शोधत राहिली, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ.

"तुम्हाला दिसलं?"

"पाठ होती माझी. पण पावलं ऐकू येतात की. येत होती, येत होती, आणि थांबली." थोरली पलंगावर टेकली. "दुकानात रोज लोक मला शेवटची ओळ दिसत नसताना वाचून दाखवतात. कोण कधी ढोंग करतंय ते आता पटकन कळतं."

"मग घरी काही बोलला नाहीत तुम्ही."

"पोरं पलंगावर नाचत होती. त्यांना काय सांगू?"

"म्हणूनच शून्य देतेय मी," धाकटी म्हणाली, आणि तिचा आवाज उगाचच चढला. "दया केली त्यांनी. अपमान आहे हा तुमचा."

"दे की. खुशाल दे." थोरलीने कागद पुन्हा टेबलावर ठेवला. "मग एक कागद स्वतःचाही भर."

"माझा?"

"सरावात मला अडवायला नेहमी तूच का उभी राहतेस? चौदा जणी आहोत आपण. चार वर्षांत दुसरी कोणी आली नाही माझ्यासमोर. तुझीही पावलं थांबतात गं. ती मुलगी चौथ्याला थांबली, तू पाचव्याला थांबतेस. एवढाच काय तो फरक."

धाकटीचे कान तापले, आणि शाळेत मुलींना ओरडताना ती जशी कमरेवर हात ठेवते तसे ठेवायला गेलेले हात मधेच खाली आले.

"तुझं मन चांगलं आहे, मला माहितीये ते," थोरली म्हणाली. "सगळ्यांचंच आहे. घरी तुझी पोरं पत्ते खेळताना हातात एक्का दाबून धरतात आणि मला जिंकू देतात. सासूबाई आधी माझ्या स्वयंपाकात रोज एक खोट काढायच्या. आता कच्चं वाढलं तरी छान झालंय म्हणतात. तळहातावरच्या फोडासारखं जपता तुम्ही मला. चार वर्षं मी कोणाशी भांडलेली नाही. भांडायला गेले तर समोरचा आधीच हरलेला असतो."

खाली कोणीतरी बाटल्या धूत होतं.

"उद्या शेवटचा सामना," थोरली म्हणाली. "ती मंडळी आपल्यासारखीच आहेत ना? जिंकू शकतो आपण?"

"हो. नीट खेळलो तर."

"मग खरं सांग. उद्याच्या संघात मी बसते का?"

धाकटीने यादी दुपारीच मनात केली होती. वहिनींना पहिल्या भागात दोनदा, दुसऱ्या भागात एकदा. घोडं फार अडणार नाही अशा वेळा निवडून. गेली चार वर्षं ती हाच हिशेब करत आली होती, आणि आपण किती चांगल्या आहोत असं तिला त्यामुळे वाटायचं. तिने थोरलीकडे पाहिलं. थोरली सरळ तिच्या डोळ्यांत पाहत होती.

"नाही," धाकटी म्हणाली. "नाही बसत."

थोरलीला लागलं. ते लपवायचा तिने काही प्रयत्न केला नाही.

"बरं," ती म्हणाली. "मग जेवताना सांग, सगळ्यांसमोर. बाकीच्यांना सांगतेस तसं. मला एकटीला बाजूला घेऊन गोड बोलू नकोस."

ती गेल्यावर धाकटीने शून्यावर काट मारून शेजारी दोन लिहिलं. साधारण. दोनाला कारण लागत नाही.

जेवायला लांब टेबल होतं. उकडलेले बटाटे, ब्रेड आणि कसलंसं सूप. संघाचा एक जुना नियम होता: सामन्याच्या आदल्या संध्याकाळी कप्तान यादी वाचते, आणि जिला वगळलं तिला "का" असं विचारायचा हक्क असतो. उत्तर सगळ्यांदेखत द्यायचं. धाकटीने उभं राहून नावं वाचली. आधी सुरुवातीच्या सात जणी, मग बदलून येणाऱ्या सहा.

"वहिनी उद्या बाहेर," ती शेवटी म्हणाली.

चमचे थांबले. नर्सने धाकटीकडे असं पाहिलं की दुसरी कोणी असती तर खालीच बसली असती. कोणीतरी कुजबुजलं, "आज गोल केला ना त्यांनी?" संघातली सगळ्यात उंच मुलगी, जिला सगळ्या शिडी म्हणतात, तिने मान खाली घालून बटाटा कुस्करायला सुरुवात केली.

"का?" थोरलीने विचारलं.

धाकटीने घसा साफ केला. बाकीच्यांना ती उत्तर देते तेव्हा घसा साफ करावा लागत नाही.

"तुम्ही सरळ चांगल्या पळता. पण वळताना वेळ जातो. दिशा बदलायला तुम्हाला तीन पावलं लागतात. तेवढ्यात समोरची निघून गेलेली असते."

"दोन."

"तीन, वहिनी."

"दोनच. फार तर अडीच. मोजलीस कधी?"

"रोज मोजते."

"रोज मोजतेस?" थोरलीने चमचा खाली ठेवला. तिचा आवाज आता खरोखर तापला होता. टेबलावरच्या कोणीच तो आवाज यापूर्वी ऐकला नव्हता. धाकटीने ऐकला होता, पण त्याला फार दिवस झाले होते, आणि तो पुन्हा ऐकू आल्यावर तिला भीती वाटली आणि रडूही आलं. "रोज मोजतेस आणि चार वर्षांत एकदा तोंड उघडलं नाहीस? तिसरं पाऊल कमी करता आलं असतं मला. दुसऱ्या कोणाचं असतं तर पहिल्याच आठवड्यात ओरडली असतीस."

"ओरडले असते," धाकटी म्हणाली. "चुकलंच माझं."

"चुकलंच."

थोरलीने ब्रेडचा तुकडा मोडला, सुपात बुडवला आणि खाल्ला. मग टेबलाच्या टोकाला बसलेल्या शिडीकडे वळली.

"उद्या सकाळी सहाला मैदानावर ये. सामन्याच्या आधी अर्धा तास मला अडव. मला वळायचं शिकायचंय."

शिडी गोंधळली. तिने आधी थोरलीकडे पाहिलं, मग नजर धाकटीकडे वळवली.

"जोर लावून अडवू?" तिने धाकटीला विचारलं.

"तिला काय विचारतेस?" थोरली म्हणाली. "मला विचार."