बंटीचा हात खाली का आला

कॉलेजच्या हॉलमधल्या खुर्च्या केव्हाच भरल्या होत्या. पोरं खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढून बसली होती, मुली भिंतीला टेकून दाटीवाटीने उभ्या होत्या आणि स्टेजवर आमच्या कबड्डी संघाचा कर्णधार बंटी उजवा हात खांद्याच्या रेषेत ताठ धरून उभा होता. बंटी म्हणजे अंगावर अख्खा विरुद्ध संघ घेऊन मध्यरेषा गाठणारा गडी. त्याच्या डाव्या तळहातावर साखरेची एक पुडी होती. प्राणाचार्य उत्तमजींनी दोन बोटं, फक्त दोन बोटं त्याच्या उजव्या हातावर टेकवली आणि दाबली.

हात सरळ खाली गेला.

"आयला!" खिडकीतून कुणीतरी ओरडलं.

"पाहिलंत?" क्रीम रंगाच्या सफारीतले प्राणाचार्य माइकमध्ये गरजले. "पांढरं विष! पोटात गेली नाही, नुसती हातात आली, तरी प्राण पळाला. आता हे धर, बाळा."

'हे' म्हणजे त्यांचा गळ्यात घालायचा तांब्याचा प्राणबल बिल्ला. एका बाजूला सूर्य, दुसऱ्या बाजूला खुद्द उत्तमजी. बिल्ला हातात येताच बंटीचा हात असा घट्ट झाला की प्राणाचार्य त्याला जवळजवळ लोंबकळले, तरी ढिम्म. हॉल टाळ्यांनी हादरला.

"शरीर खोटं बोलत नाही," ते म्हणाले. "जीभ बोलते, डोळे बोलतात, डॉक्टर तर फारच बोलतात. पण हात? कधीच नाही!"

त्र्याण्णव सालच्या डिसेंबरातला सोमवार होता. मी तेव्हा भाईंदरच्या त्या कॉलेजात मराठी शिकवत होतो. दरवर्षी गॅदरिंगच्या आधी आमचे प्राचार्य काशीनाथ सर एखादी कार्यशाळा भरवत. त्या वर्षी कुणाच्या तरी ओळखीतून हे प्राणाचार्य आठवडाभरासाठी आले. माझ्या शेजारी फिजिक्सच्या अंबिका साटम बसल्या होत्या. टाळ्या वाजत असताना त्या प्राणाचार्यांच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हत्या, त्यांच्या बोटांकडे पाहत होत्या.

"सर, दोन्ही वेळा बोटं एकाच जागी होती का?" त्यांनी मला विचारलं.

मी पाहिलंच नव्हतं. हॉलमधल्या कुणीच पाहिलं नसावं.

तेवढ्यात संजना स्टेजवर गेली. काशीगावची ही मुलगी, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. अभ्यासात हुशार, स्वभावाने शांत. तिला फिट्स येत आणि त्यासाठी ती सकाळ-संध्याकाळ गोळी घेई. तिने पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली आणि हळूच विचारलं, "सर, या गोळ्या मला किती वर्षं घ्याव्या लागतील?"

प्राणाचार्यांनी पट्टी तिच्या तळहातावर ठेवली, दुसरा हात दाबला. हात पडला.

"वर्षं? मुली, हीच गोळी तुझा प्राण खातेय. बिल्ला घाल. गोळी आजपासून बंद."

अंबिका मॅडम उठून काहीतरी बोलल्या, पण माइक त्यांच्याकडे नव्हता. टाळ्या पुन्हा सुरू झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून कॉलेजला वेड लागलं. व्हरांड्यातून चालताना वाटे, ट्रॅफिक हवालदारांचं संमेलन भरलंय. जो तो हात आडवा करून उभा आणि शेजारचा तो दाबतोय. कॉमर्सच्या पोरांनी अकाउंटन्सीचं पुस्तक तपासलं. सगळ्या वर्गाचे हात पडले. पुस्तक प्राणघातक आहे, सबब परीक्षेतून काढावं, असा अर्ज प्राचार्यांकडे गेला. प्राचार्यांनी अर्ज फेटाळला, पण आधी स्वतःचा हात दाबून घेऊन. गॅदरिंगच्या नाटकातली नायिका हातावर ठरली. तिला एकही वाक्य पाठ होत नव्हतं, पण हात खांबासारखा होता. स्टाफरूममधलं कपाट प्राणाच्या दिशेला हलवलं, तर खोलीचा दरवाजा अर्धाच उघडू लागला. मग आम्ही सगळे तिरके होऊन आत शिरू लागलो.

कँटीनवाले गुणवंतभाई माझ्याकडे रडकुंडीला आले. "साहेब, बच्चे लोग बोलते हैं समोसे में प्राण नहीं. अरे, बटाटा है उसमें, मटर है. प्राण मैं किधर से लाऊँ?"

मी हसलो. पण गुरुवारी हसू आटलं.

केमिस्ट्रीच्या लॅबसमोर संजनाला मोठी फिट आली. गोळ्या बंद करून तीन दिवस झाले होते. डोकं जिन्याच्या कडेवर आपटणार तोच अंबिका मॅडमनी आपली पर्स खाली सरकवली. त्यांनी तिला कुशीवर वळवलं, गोळा झालेल्या पोरांना मागे हटवलं. एकजण चप्पल हुंगवायला धावला, त्याला त्यांनी असं झापलं की तो चप्पल तिथेच टाकून अनवाणी पळाला. आम्ही तिला रिक्षाने दवाखान्यात नेलं. डॉक्टर संतापले. "अशा गोळ्या एकाएकी थांबवतात? जीव जाऊ शकतो!"

संजनाचे वडील नाथा धावत आले. त्यांच्या हातात प्राणबल बिल्ला होता. वाटेत प्राणाचार्यांना भेटूनच आले होते.

"म्हाराज बोल्ले, जुना जहर बाहेर पडतंय. अजून दोनदा पडंल, मंग पोर कायमची बरी." त्यांनी बिल्ला अंबिका मॅडमपुढे धरला. "डाक्टर बोलतो गोली दे. म्हाराज बोलतो नको. मी काय करू, बाय? मना काय कलत न्हाय."

"डॉक्टर सांगतात ती गोळी आज द्या," अंबिका मॅडम म्हणाल्या. "आणि परवा समारोपाला या, संजनालाही आणा. तुम्ही माझंही ऐकू नका आणि महाराजांचंही. स्वतः बघा आणि ठरवा."

शनिवारी हॉल पुन्हा ओसंडून वाहत होता. प्राणाचार्यांचं भाषण संपताच अंबिका मॅडम थेट स्टेजवर चढल्या. या वेळी माइक त्यांनी आधी हातात घेतला.

"प्राणाचार्य, वस्तू डबीत बंद असली तरी प्राणाला कळते ना?"

"डबीत काय, तिजोरीत असली तरी!" प्राणाचार्य हसले. हॉलही हसला.

मॅडमनी कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डब्या टेबलावर मांडल्या. सगळ्या सारख्या, आवाज येऊ नये म्हणून कापूस ठासून भरलेल्या. ग्रंथपाल सुलूताईंनी त्या ग्रंथालयात बसून भरल्या होत्या आणि स्वतः तिथेच थांबल्या होत्या. कोणत्या डबीत काय, ते मॅडमना माहीत नव्हतं, बंटीलाही नव्हतं. "तुम्ही फक्त अमृत आणि विष असे दोन भाग करा."

आता नाही म्हणायची सोय नव्हती. बंटीने हात धरला. प्राणाचार्यांनी पहिली डबी त्याच्या तळहातावर ठेवली, थोडे घुटमळले, दाबलं. हात राहिला. "अमृत!" पुढची. हात पडला. "विष!" हळूहळू त्यांना रंग चढला. एक डबी तर त्यांनी रुमालात धरून वर उचलली.

"ही भयंकर आहे! यात मारक शक्ती आहे. ही इमारतीत ठेवू नका, खाडीतही टाकू नका. मासे मरतील!"

मॅडमनी आधी अमृताच्या डब्या उघडल्या. एकीतून साखर निघाली. दुसरीतून संजनाची गोळी. तिसरीत गुणवंतभाईंच्या समोशाचा तुकडा होता. "जय हो!" मागून गुणवंतभाई ओरडले. मग विषाच्या डब्या. एकीत कापसाशिवाय काहीच नव्हतं. शेवटी ती मासे मारणारी डबी उघडली. कापूस बाजूला केला, तर आतून तांब्याच्या बिल्ल्यावरचे उत्तमजी सगळ्यांकडे पाहून हसत होते.

हॉलमध्ये असा हशा उसळला की खिडकीतला एक पोरगा खाली पडला. सुदैवाने आतल्या बाजूला.

"समोर शंकेखोर माणूस असला की प्राण बिचकतो," प्राणाचार्य घाम पुसत म्हणाले.

"सोमवारीही मी समोरच होते," मॅडम म्हणाल्या, "आणि शंका तेव्हाही होती. पण तेव्हा पुडी उघडी होती."

मग त्यांनी बंटीला पुन्हा हात धरायला सांगितला. हातात काहीच दिलं नाही. मनगटावर दोन बोटं ठेवून दाबलं, हात खाली. कोपराच्या वर, खांद्याजवळ ठेवून सगळा जोर लावला, हात जागच्या जागी.

"दार कडीजवळ ढकललं तर लहान मूलही लावतं. बिजागरीजवळ ढकलून बघा, घाम फुटेल. यांना जेव्हा हात पाडायचा असतो तेव्हा बोटं मनगटावर जातात, आणि न सांगता दाबतात. टिकवायचा असतो तेव्हा बोटं आत सरकतात, वर 'तयार?' म्हणून विचारतात. एकदा हात पडला की आपणच घाबरतो आणि पुढच्या वेळी अर्धा जोर सोडून देतो. बस्स. प्राणबिण काही नाही."

हॉलभर हात आडवे झाले. मनगट, कोपर, मनगट, कोपर. काशीनाथ सरांनीही उपप्राचार्यांचा हात दाबून पाहिला आणि मग फार वेळ छताकडे बघत राहिले.

संजना उठली. दोन दिवसांच्या थकव्याने चेहरा उतरला होता, पण ती सरळ स्टेजवर गेली. "सर, तुमचा हात दाबू? बिल्ला धरा तुमचा."

सगळा हॉल बघत होता. प्राणाचार्यांनी मुठीत बिल्ला आवळला आणि दुसरा हात ताठ केला. संजनाने त्यांच्या मनगटावर दोन बोटं टेकवली. दाबली.

प्राणाचार्यांचा हात खाली आला.

टाळ्या वाजत असतानाच ते मागच्या दाराने निघून गेले. पुढे वसईकडे कुठेतरी त्यांची कार्यशाळा झाली म्हणतात. आमच्याकडेही एकदोन गळ्यांत बिल्ले राहिलेच. माणूस हसला म्हणजे त्याला पटलं, असं नसतं.

नाथा स्टेजजवळ आले. त्यांनी मुलीच्या हातावर गोळ्यांची पट्टी ठेवली आणि स्वतः दाबून पाहिलं. मग बिल्ला ठेवून पाहिलं. मग काहीच न ठेवता.

"यात गोलीचा काय न्हाय," ते हळू आवाजात म्हणाले. मग अंबिका मॅडमकडे वळले. "पन मंग माझ्या पोरीची फिट कवा जाईल, बाय?"

"ते मला माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "डॉक्टरांना विचारू. त्यांनाही कदाचित नक्की सांगता येणार नाही. पण जे माहीत नाही ते माहीत नाही असं म्हणणाऱ्यांकडेच आपण जाऊ."

संजनाने गोळ्या चालू ठेवून त्या वर्षीची परीक्षा दिली.

वाचकहो, आजारी माणसाच्या घरच्यांना खात्री हवी असते आणि ठग नेमकी तीच विकतो. म्हणून कुणी चमत्कार दाखवला तर टाळी वाजवण्याआधी हात जोडून एवढंच म्हणा, "हेच पुन्हा, आम्ही सांगू तसं करून दाखवा." खरं असेल तर तो आनंदाने दाखवेल. पण जो प्रश्न विचारताच रागावतो, त्याला आपल्या माणसाच्या औषधाला बोटही लावू देऊ नका.