पडद्याआडची बहीण

माझं तोंड फाटकं, हे अख्ख्या कोडोलीला ठाव हाय. दवाखान्यात तीस वर्सं आयाचं काम केलं, कुणाच्या बापाला भ्याले न्हाय. पन त्या दुपारी भ्याले.

कुणाच्या तरी फोनवरच्या स्टेटसवरनं दंगा पेटून सकाळीच बाजारातली शटरं धडाधड पडलीती. शेजारची नजीरा मुसलमानाची, झंपर शिवून खाणारी, एकटी बाई. तिला मागल्या दारानं घरात घेतली आनि पडद्याआड, चुलीपाशी बसवली. तेवढ्यात दारात तीन मोटारसायकली. दोन पोरं परगावची, तिसरा आपला बाळासो. जन्मल्या जन्मल्या ह्याच हातांनी पुसलेला.

"शेजारीण कुठं गेली, मावशी?" बाळासोनं इचारलं.

"मला काय म्हाईत? मी काय तिची राखण करते व्हय?"

नेमका तवाच चर्चच्या पाळकसाहेबांचा फोन आला. सवयीनं तोंडातनं गेलं, "सलाम, साहेब." आमी ख्रिस्ती मानसं एकमेकांस्नी सलामच करतो, आज्या-पणज्यापासनं. पन एक परगावचा ताठला. "सलाम? हे बी तसलंच घर हाय की!"

"न्हाय रं, ख्रिस्ती हाय ती," बाळासो म्हनला.

आत पडदा हलला.

"कोण हाय तिकडं?" त्याच परगावच्यानं इचारलं.

"माझी बहीण. आजारी हाय."

"मग तिलाबी तुमची प्रार्थना येत असंल. म्हनू दे की!"

संपलं म्हनलं सगळं. आनि आतनं नजीराचा आवाज आला. प्रभूची प्रार्थना, एक शब्द न चुकता! आमच्या दोन घरांत एकच भिंत, आनि मी रोज पहाटं तीच प्रार्थना बोंबलून म्हनते. वीस वर्सं ऐकत आलीया ती. 'जशी आमी आमच्या अपराध्यांस्नी माफी देतो, तशी तू आमाला दे', ही ओळ आली, तशी ती थांबली. मग हळू, एकेक शब्द तोडून, तिनं ती ओळ म्हनली. अगं बया, साठ वर्सं मी ती घडाघडा म्हनली, पन तिच्यात काय मागितलंय ते त्या दिवशी कळलं. लाजंनं मेल्यागत झालं.

परगावची पोरं गाड्यांकडं वळली. बाळासो मागं ऱ्हायला. हळूच म्हनला, "मावशी, तुला बहीण न्हाय."

"आजपासनं हाय."

त्यानं माझ्याकडं बघितलं आनि गाडीला किक मारली.

नजीरा बाहीर आली, घामानं भिजलेली. "बया, नुसतं त्यांस्नी फसवायला न्हाय म्हनले मी. खरंच माफ केलं. तू?"

मी तिच्या हातात पान्याचा तांब्या दिला. बाळासोचा असा राग आलावता की त्याच्या कानाखाली जाळ काढावा. तवर गल्लीच्या टोकाला गाड्या थांबल्या. मग परत वळल्याचा आवाज आला.

नजीराला आत ढकललं आनि उंबऱ्यावर आडवी बसले.

"देवा, माझ्या माफीचं नंतर बघू," म्हनलं. "आदी हिला राख."